जुन्या हत्यारांची पेटी उघडली, आता पुढे काय?

आडवातिडवा

मंडळी, माझे मामा हौशी सुतार होते. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आली आणि कित्येक वर्षं माळ्यावरच पडून राहिली. मागच्या रविवारी खाली काढली. आत दोन रंधे (एक लाकडी, एक लोखंडी), सहा पटाश्या, एक हातकरवत, गुण्या, चार कानशी, गिरमिट आणि दांड्यात डुगडुगणारी एक कुऱ्हाड. सगळ्यावर तांबडा गंज, झाकण उघडताच तो वास घरभर.

उत्साहाच्या भरात एक पटाशी ग्राइंडरला लावली. पाच मिनिटांत लखलखीत. धारेजवळ सुंदर निळा-जांभळा पट्टा उमटला, तो बघून मी स्वतःवरच खूश. मग लाकडावर ठोकून पाहिली तर धार चक्क दुमडली, पत्र्यासारखी. आता बाकीच्यांना हात लावायची भीती वाटतेय. कुठून सुरुवात करू?

निसणा

आधी त्या ग्राइंडरची पिन काढून ठेवा. मग बोलू.

थट्टा नाही. तो सुंदर पट्टा म्हणजे पटाशीचं पाणी उतरल्याची खूण आहे. पोलादाला पाणी देताना ते आधी तापवून विझवतात, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. हे दुसरं तापवणं पटाशीला साधारण २०० ते २३० अंशांपर्यंत. तेव्हा पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग येतो. त्यापुढे तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. निळा दिसला म्हणजे तिथलं पोलाद स्प्रिंगइतकं नरम झालं. स्प्रिंगला ते चालतं, धारेला नाही.

आणि रंग पुसला म्हणून पाणी परत येत नाही. पॉलिश पेपरने निळा डाग घासून काढाल, पटाशी दिसेल नवी, दुमडायची ती दुमडणारच.

पट्टा किती रुंद आहे? दोन-तीन मिलिमीटर असेल तर तेवढा भाग दगडावर हाताने घासून मागे या, खाली चांगलं पोलाद मिळेल.

आडवातिडवा

साधारण चार मिलिमीटर. म्हणजे वाचेल म्हणता?

निसणा

वाचेल. वेळ लागेल. अगदीच ग्राइंडरवर करायचं असेल तर हातमोजे न घालता धरा, बोटं धारेच्या जवळ ठेवा, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसतो तेव्हा पोलादाला अजून काही झालेलं नसतं. धारेचं टोक मात्र पातळ, तिथे उष्णतेला पळायला जागा नसते, म्हणून रंग आधी तिथेच चढतो.

भुसकट

जरा थांबा हो. सगळे लगेच धारेवर घसरले. आडवातिडवा, पेटीतल्या वस्तूंवर काही अक्षरं, शिक्के दिसतात का? गंज काढायच्या आधी ते बघा. मी स्वतः तारेच्या ब्रशने एका जुन्या रंध्याच्या पात्यावरचा छाप साफ करता करता साफच केला. आजतागायत कळलं नाही तो कोणाचा होता.

आडवातिडवा

लोखंडी रंध्यावर पुढच्या टोकाला इंग्रजीत ‘बेली’ आणि ४ हा आकडा आहे. दोन पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ लिहिलंय. हे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे का? मग पाणी वगैरे कुठून आलं त्यात?

भुसकट

नाही, बीड नव्हे! या दोन शब्दांनी पुष्कळांना फसवलंय. १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने पोलाद मुशीत वितळवून एकजीव करायची पद्धत बसवली. त्या मुशीतल्या पोलादाला तिकडे ‘कास्ट स्टील’ म्हणत आणि तो शिक्का हत्यारावर अभिमानाने मारत. उत्तम कार्बन पोलाद असतं. ग्राइंडरवर गेली ती त्यातली नव्हती ना?

४ नंबर म्हणजे गुळगुळीत करायचा रंधा, नऊ इंचांहून थोडा लांब, पातं दोन इंच रुंद. ‘बेली’ हा लेनर्ड बेली. त्याची पेटंटं स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये घेतली आणि पातं स्क्रूने वरखाली करायची ती रचना पुढे जवळजवळ सगळ्यांनीच उचलली. आजचे लोखंडी रंधे बघा, आतून तेच.

माझं मत विचाराल तर त्या रंध्याला फक्त तेलाचा बोळा फिरवा आणि ठेवून द्या. काळपट झाक हे त्याचं वय आहे.

निसणा

भुसकट, वय ठीक आहे, पण तो रंधा आहे, शाळिग्राम नाही. मामांनी तो लाकडावर चालवायला घेतला होता.

भुसकट

मी कुठे म्हटलं चालवू नका? चालायला जेवढं लागतं तेवढंच काढा म्हणतोय. तळ, पातं, टोपी (पात्यावर आवळलेली लोखंडी पट्टी), एवढं नीट असलं की रंधा चालतो. बाजू आरशासारख्या करून लाकूड गुळगुळीत होत नाही.

निसणा

हे मात्र मान्य. इतक्या वर्षांत आपलं पहिल्यांदा पटलं, तारीख लिहून ठेवतो.

मोजपट्टी

गंजाच्या रसायनावर थोडं. तांबडा गंज म्हणजे लोखंडाचा पाणी धरलेला ऑक्साइड. तो सच्छिद्र असतो, ओल शोषतो आणि खालच्या लोखंडाला आणखी खातो. भुसकट म्हणतात ती काळी झाक वेगळी, ती लोखंडाला घट्ट चिकटून असते आणि पुढचा गंज थोडा रोखून धरते. तेव्हा तांबडं घालवायचं, काळं राहू द्यायचं. हे रसिकतेचं नाही, व्यवहाराचं.

घरी करण्यासारखी सोपी कृती: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. हत्याराची मूठ, स्क्रू, पितळी भाग आधी वेगळे करा. तेलकटपणा साबणाने धुवून टाका, नाहीतर ॲसिड तिथे पोचत नाही. मग बुडवा आणि दर तासाला काढून ब्रशने घासून बघा. रात्रभर ठेवून झोपायला जाऊ नका. गंज संपला की ॲसिड लोखंडावर येतं आणि करड्या रंगाचे खडबडीत चट्टे पडतात. बाहेर काढलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून उरलेलं ॲसिड मारायचं, स्वच्छ धुवायचं आणि ताबडतोब कोरडं करायचं. ताबडतोब म्हणजे फोन वाजला तरी घ्यायचा नाही. उघडं पडलेलं लोखंड काही मिनिटांत पिवळं पडायला लागतं. मी हेअर ड्रायरने गरम करते आणि कोमट असतानाच तेल लावते.

व्हिनेगरनेही होतं, तेही साधारण ४-५ टक्के ॲसिडच, फक्त हळू आणि वास सहन करायचा. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू दोन्हीत घालू नका, मुलामाच विरघळेल.

गंजका_खिळा

मी बॅटरी चार्जरवाली पद्धत वापरतो. धुण्याचा सोडा पाण्यात, १२ व्होल्टचा चार्जर, हत्यार ऋण टोकाला, भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला. गंज आपोआप सुटतो आणि चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. खोल खड्ड्यांत ब्रश पोचत नाही तिथे याला तोड नाही.

आता माझा पराक्रम. एकदा टोकं उलटी लावली आणि निवांत बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर भंगार पट्टी छान शाबूत आणि माझा आवडता पाना अर्धा खाल्लेला. भंगारासाठी पाना बळी. तेव्हापासून वायरला लाल-काळी चिकटपट्टी लावूनही दोनदा बघतो.

मोजपट्टी

खिळेभाऊ, दोन गोष्टी राहिल्या. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि यात हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको, पट्ट्या हलवण्याआधी चार्जर बंद. सायट्रिक ॲसिड असो की विजेची पद्धत, एक लक्षात असू द्या, गंजाने जे खाल्लं ते कशानेच परत भरत नाही. खड्डा तो खड्डाच.

चिमूटभर

वाचतेय. एक भाबडा प्रश्न. डब्ल्यूडी-४० मारून पुसलं तर नाही का चालणार? घरात तेच असतं.

निसणा

पुसायला चालेल, टिकवायला नाही. नावातले डब्ल्यू आणि डी हे ‘पाणी हटवणारं’ याचे आहेत, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ साली झालं ते. त्यात उडून जाणारा द्रावक भरपूर, तो उडाला की मागे पातळसा थर राहतो. ओल घालवायला आणि जाम स्क्रू भिजवायला उत्तम. पण हत्यार महिनोन्महिने ठेवायचं असेल तर शिलाई मशीनचं तेल किंवा मेण. स्वयंपाकाचं तेल तर नकोच, वाळून चिकट गोंद होतो.

आडवातिडवा

चार दिवसांनी आलो. सायट्रिक ॲसिडने काम केलं! पटाश्या अडीच तासांत मोकळ्या झाल्या. एकीच्या पाठीवर धारेपासून बोटभर अंतरावर खड्डे निघाले. रंधा मात्र उघडतच नाही, मागच्या मुठीचा स्क्रू हलायला तयार नाही. जोर लावला तर खाच झिजायला लागलीय.

गंजका_खिळा

हात थांबवा! खाच गेली की खेळ संपला. स्क्रूच्या खाचेत गच्च बसेल असंच पेचकस घ्या, ढिलं बसत असेल तर टोक कानशीने घासून जुळवा. भिजवणारं तेल घालून एक दिवस विसरून जा. मग पेचकस खाचेत ठेवून मागून हातोडीने दोन-चार टिचक्या. आणि फिरवताना आधी किंचित आवळा, मग सोडा. गंजाची पकड कुठल्याही दिशेने सुटली तरी सुटलीच.

बीड आहे म्हणून सांगतो, रंध्याच्या अंगावर हातोडी नको आणि हातातून पाडू नका. बीड वाकत नाही, तडकतं.

निसणा

खड्ड्यांचं. बोटभर लांब आहेत ना? मग ते धारेपर्यंत पोचायला तुमचं आयुष्य जाईल. सोडून द्या. धारेलगतचा खड्डा मात्र त्रास देतो, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. त्यातला एक खड्ड्याने तुटला की धारेला दात पडला. सगळे तिरपी बाजूच घासत बसतात आणि पाठ विसरतात. पाठीचा धारेलगतचा बोटभर भाग काचेसारखा सपाट हवा, उरलेला कसाही असू दे.

काचेचा जाड तुकडा घ्या, त्यावर पाण्याने पेपर चिकटवा. ४०० नंबरच्या पेपरपासून सुरू करून १०००, मग २००० पर्यंत, आकडा वाढेल तसा पेपर बारीक. पाठ झाली की तिरपी बाजू २५ अंशांत आणि अगदी टोकाला ३० अंशांचा केसभर उतार. तो उतार दिला की दर वेळी अख्खी बाजू घासावी लागत नाही. घासता घासता पाठीकडे बोटाला खरखरीत कड लागते, धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती सलग लागेपर्यंत पुढच्या पेपरवर जायचं नाही. निम्म्या लोकांची धार इथेच बिघडते. कंटाळा येतो, बारीक पेपर घेतात, पातं चमकतं आणि कापत नाही. शेवटी ती कड पाठीच्या बाजूने हलकेच काढायची आणि चामड्यावर दहा-वीस वेळा मागे ओढायची. पुढे नाही, चामडं कापेल.

सुरळी

निसण्याच्या बोलण्यात एक जोड. धार आली का हे अंगठ्यावर बघू नका. दिव्यासमोर धरा. धारेच्या रेघेवर कुठे चकाकी दिसली तर ती जागा बोथट आहे. खऱ्या धारेवर उजेडाला टेकायला जागाच नसते. धार दिसली तर धार नाही! मग मऊ लाकडाच्या आडव्या कापाकडून एक पापुद्रा काढून बघा. तंतू चुरगाळले नाहीत, जागा तुळतुळीत निघाली, तर झालं.

आडवातिडवा

सुरळीताई, दिव्यासमोर धरली आणि लाज वाटली. मला जिला धार वाटत होती ती अर्ध्याहून जास्त चकाकत होती.

स्क्रू सुटला, खिळेभाऊंना दंडवत. आता रंध्याचा तळ पेपरवर घासतोय. पट्टी लावून बघितलं तर मध्ये किंचित पोकळ आहे. किती घासू?

सुरळी

घासताना पातं आत ओढून घेतलेलं असू दे, पण बसवलेलं आणि आवळलेलं पाहिजे. आवळल्यावर बिडाचा सांगाडा थोडा ताणला जातो, सुटा करून सपाट केलात तर जोडल्यावर पुन्हा वाकडा. तळावर पेन्सिलने आडव्या रेघा मारा आणि थोडं घासून कुठल्या गेल्या ते पाहा. पुढचं टोक, तोंडाच्या (पातं बाहेर येतं त्या फटीच्या) अगदी पुढची पट्टी आणि मागचं टोक, या तीन जागा एका पातळीत आल्या की थांबा. मधली पोकळ जागा राहिली तर राहू दे. तोंडापुढची पट्टी मात्र टेकायलाच हवी, तीच लाकडाचे तंतू दाबून धरते, ती अधांतरी असली की लाकूड उचकटतं.

टोपीही बघा. तिची कड पात्याच्या पाठीवर दिवा न दिसेल इतकी बसायला हवी. फट राहिली की सुरळ्या (लाकडाचे निघणारे पापुद्रे) तिथेच अडकून रंधा गुदमरतो. बारीक कामाला ती धारेपासून अर्धा मिलिमीटर मागे.

आडवातिडवा

आणि करवत? तीही ॲसिडमध्ये घालू?

सुरळी

नको नको. जुन्या करवतीच्या पात्यावर बऱ्याचदा बनवणाऱ्याची नक्षी किंवा नाव अगदी उथळ कोरलेलं असतं, ॲसिडमध्ये ते पुसट होतं. लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर बारीक पेपर गुंडाळा, थोडं तेल टाका आणि लांबीच्या दिशेने घासा. पेपर बोटांनी दाबू नका, ठोकळा उथळ कोरीव रेघांवरून जातो, बोट त्यांच्यात शिरतं.

त्याआधी पातं डोळ्यासमोर धरून मागून बघा. वाकलेलं असेल तर ठीक, सरळ करता येतं. पण तीक्ष्ण चुणी असेल तर नवशिक्याने तिच्या नादी लागू नये.

दातांचं सांगते, कारण इथेच लोक करवत टाकून देतात. रेषेच्या दिशेने फाडायच्या करवतीचे दात छोट्या पटाश्यांसारखे असतात, कानस काटकोनात चालवायची. आडवं कापायच्या करवतीचे दात चाकूच्या टोकांसारखे, कानस २० अंशांच्या आसपास तिरपी. तुमची कुठली आहे ते आधी ओळखा. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये पातं पकडा, दात जेमतेम बाहेर. जास्त बाहेर ठेवलेत तर अशी किंचाळेल की शेजारी येतील. सपाट कानस सगळ्या शेंड्यांवरून एकदा हलकी फिरवा. प्रत्येक शेंड्यावर चकाकणारा ठिपका येईल. मग तीनधारी कानशीने एकाआड एक दात, मग करवत फिरवून उरलेले. ठिपका नाहीसा झाला की त्या दाताला आणखी एक घाव नको.

दातांची फाक, म्हणजे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवणं, दर वेळी द्यावी लागत नाही. चार-पाच धारांनंतर बघा, करवत लाकडात जाम व्हायला लागली तर.

चिमूटभर

कानशींना धार कशी लावतात?

मोजपट्टी

नाही लावत, गेली ती गेली. पण पुष्कळ वेळा कानस बोथट नसते, तुंबलेली असते. तारेच्या ब्रशने दातांच्या ओळीच्या दिशेने साफ करा. वापरण्याआधी खडू चोळलात तर धातूचे कण रुतत नाहीत. आणि पेटीत कानशी एकमेकींवर रचू नका, एकमेकींचे दात त्याच मोडतात.

पाचर

माझ्या नावाला जागून कुऱ्हाडीबद्दल लिहितो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतात, पण डुगडुगणारा दांडा धरणाऱ्यालाच काळ असतो. कोणीतरी तुम्हाला ती रात्रभर पाण्यात बुडवायला सांगेल. ऐकू नका. लाकूड फुगतं, पण नेढ्याचं (दांडा बसतो त्या भोकाचं) लोखंड त्याला जागा देत नाही, मग तंतू आतल्या आत चेपले जातात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक आणि जास्त ढिला.

जुनी पाचर काढा, दांड्याचं टोक तपासा. तडा नसेल तर नेढ्यात पुन्हा बसवा. आता गंमत. कुऱ्हाड उलटी, पातं खाली लोंबकळत, हवेत धरा आणि दांड्याच्या वर आलेल्या बुडावर लाकडी हातोड्याने ठोका. पातं जड असल्यामुळे जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात शिरत जातो. बघणाऱ्याला ते उलटं वर चढल्यासारखं दिसतं! मग वाळलेल्या लाकडाची नवी पाचर. दांडा बदलायचाच असेल तर बुडाकडून बघा, लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या जाणाऱ्या हव्यात, आडव्या असल्या तर मोडेल.

दांड्याला जवसाचं तेल पातळ लावा, पुसा, वाळू द्या, पुन्हा लावा. आणि ज्या फडक्याने लावलं ते चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडते. फडकं आपोआप पेटतं, काडी लागत नाही. दोरीवर एकेरी पसरा किंवा पाण्यात भिजवून टाका.

भुसकट

पाचरराव, मोठं काम केलंत. आडवातिडवा, पेटीत परत ठेवतानाचंही बघा. चामड्याच्या म्यानात पटाशी कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं, क्षार लोखंडाला लागतात. उघड्या हाताने धरल्यावर एकदा तेलाचा बोळा फिरवा, घामाच्या मिठाने बोटांचे ठसेच्या ठसे गंजून उठतात. रंध्याच्या तळाला मेण, ते गंजही रोखतं आणि रंधा लाकडावर सरकतोही. सिलिकॉनवालं काही नको, पुढे पॉलिश धरत नाही.

लाकडी रंध्याबद्दल कोणी बोललंच नाही. त्याला पाण्यात, ॲसिडमध्ये, कशातही घालू नका. फक्त पातं काढा आणि ते साफ करा.

आडवातिडवा

लाकडी रंधा उघडला. पाचर काढल्यावर आत, पात्यामागे, अगदी कोरडी गुंडाळलेली एक सुरळी सापडली. मामांनी ओढलेली शेवटची असावी. पापुद्र्यासारखी पातळ, दुसऱ्या बाजूचा उजेड दिसतो.

लोखंडी रंध्याने आज माझी पहिली सलग सुरळी निघाली. तिच्याशेजारी ठेवून बघितली. माझी तिप्पट जाड आहे.

निसणा

पातं पाव वळसा आत घ्या.

आडवातिडवा

घेतलं. दुप्पट.

सुरळी

टोपी जरा पुढे आणा आणि पात्याची पाठ पुन्हा एकदा दिव्यासमोर धरा.